स्वयंचलित आणि हस्तचलित गिअरच्या मोटारी : इंधनखर्च व वापरखर्चाचा तुलनात्मक विचार
(विशेष संदर्भ : माकुणसार व पालघर-बोईसर परिसर)

सारांश

‘स्वयंचलित गिअरची मोटार जास्त पेट्रोल पिते’ हा समज आपल्याकडे दीर्घकाळ रूढ आहे. प्रस्तुत लेखात या समजाचे तांत्रिक मूळ, आजच्या मोटारींचे प्रमाणित आकडे आणि एका सामान्य कुटुंबाचा वापरखर्च यांचा क्रमाने विचार केला आहे. छोट्या मोटारींच्या बाबतीत इंधनातील फरक आता अत्यल्प उरला असून, खरा फरक खरेदीच्या किमतीत आणि कर्जाच्या हप्त्यात आहे, असे या विवेचनातून दिसून येते.

बीजशब्द : स्वयंचलित गिअर, हस्तचलित गिअर, एएमटी, इंधन कार्यक्षमता, वापरखर्च, पालघर जिल्हा.

प्रस्तावना

पालघर तालुक्यातील सफाळे-केळवे परिसरात माकुणसार हे गाव वसलेले आहे. या पट्ट्यातील नोकरदारांचे जीवन पश्चिम रेल्वेच्या वेळापत्रकाशी बांधलेले आहे. २०१३ मध्ये उपनगरी लोकल डहाणू रोडपर्यंत धावू लागल्यापासून हे नाते अधिक घट्ट झाले. तथापि, ज्यांना बोईसर-तारापूर औद्योगिक वसाहतीत पाळीच्या वेळा सांभाळाव्या लागतात, ज्यांच्या घरी वृद्ध किंवा आजारी माणसे आहेत, अथवा ज्यांना शेतमालासह पालघरच्या बाजारात जावे लागते, त्यांना स्वतःच्या वाहनाची गरज भासते. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाल्यानंतर शासकीय कामासाठीची ये-जाही पालघर शहराकडे वळली.

अशा कुटुंबात मोटार ही घरानंतरची सर्वांत मोठी खरेदी ठरते. बहुधा ती कर्जावर होते आणि पाच-सात वर्षे तिचा हप्ता महिन्याच्या उत्पन्नातून जातो. खरेदीच्या वेळी ‘साधी घ्यावी की ऑटोमॅटिक?’ हा प्रश्न हमखास निघतो आणि त्याचे उत्तर बहुतेक वेळा ऐकीव माहितीवर दिले जाते. चुकीचे उत्तर दोन्ही बाजूंनी महाग पडते. गरज नसताना अधिक किमतीची गाडी घेतली तर हप्त्याचा भार वाढतो. उलट, गुडघेदुखीने त्रस्त असलेल्या गृहस्थाने निव्वळ मायलेजच्या भीतीने स्वयंचलित मोटार टाळली, तर दोन वर्षांत ती दारात उभी राहते. म्हणून या प्रश्नाचा हिशेब मांडून विचार करणे आवश्यक आहे.

उद्दिष्टे

१. स्वयंचलित गिअरचे प्रकार व त्यांचा इंधनाशी असलेला संबंध स्पष्ट करणे.
२. प्रमाणित मायलेजच्या आकड्यांचा अर्थ व मर्यादा समजून घेणे.
३. कमी व अधिक वापर असलेल्या दोन कुटुंबांच्या खर्चाची तुलना करणे.
४. स्थानिक रस्ते व घाट यांच्या संदर्भात व्यावहारिक निष्कर्ष काढणे.

१. समजाचे मूळ

पूर्ण स्वयंचलित गिअरपेटी मोठ्या प्रमाणावर प्रथम अमेरिकेत आली. जनरल मोटर्सने आपल्या ओल्ड्समोबिल गाडीच्या १९४० च्या मॉडेलमध्ये ‘हायड्रामॅटिक’ ही यंत्रणा दिली. अशा यंत्रणेत इंजिन व गिअरपेटी यांच्यामध्ये क्लचऐवजी तेलाने भरलेले द्रवचलित साधन असते. त्याचे मूलतत्त्व जर्मन अभियंता हेरमान फॉटिंगर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मांडले होते. टेबलावर दोन पंखे समोरासमोर ठेवून एकच सुरू केला, तर त्याच्या वाऱ्याने दुसऱ्याची पातीही फिरू लागतात. येथे वाऱ्याचे काम तेल करते. मात्र दुसरा पंखा पहिल्याइतक्या वेगाने कधीच फिरत नाही. ही जी घसरण होते, तिच्यात शक्ती वाया जाते व तेल तापते. पुढे विकसित झालेल्या ‘टॉर्क कन्व्हर्टर’मध्ये दोन पंख्यांच्या मध्ये तिसरे चक्र बसवून गाडी सुटताना लागणारा जोर वाढवण्याची सोय झाली. परंतु घसरणीचा तोटा राहिलाच. त्यातच जुन्या यंत्रणांत तीन किंवा चारच गिअर असत. त्यामुळे महामार्गावर इंजिन आवश्यकतेपेक्षा अधिक फेरे घेई आणि साहजिकच इंधन जास्त जळे.

भारतात मात्र या यंत्रणेचा परिचय फार थोड्यांना होता. मुंबईत कुर्ला येथे तयार होणारी प्रीमियर पद्मिनी असो वा अॅम्बॅसेडर, दोन्ही गाड्यांचे गिअर हातानेच बदलावे लागत. नंतर ज्या मोजक्या छोट्या मोटारी स्वयंचलित स्वरूपात आल्या, त्यांत हीच तीन-चार गिअरची द्रवचलित यंत्रणा होती. ‘ऑटोमॅटिक पेट्रोल पिते’ हा अनुभव त्या काळापुरता खराच होता. यंत्र बदलले तरी समज मात्र तसाच राहिला.

येथे एक विरोधाभास लक्षात घेण्यासारखा आहे. दुचाकीच्या बाबतीत महाराष्ट्राने स्वयंचलित गिअर फार पूर्वी स्वीकारला. १९८० च्या दशकाच्या मध्यास पुण्याचा कायनेटिक समूह व जपानची होंडा कंपनी यांनी आणलेली ‘कायनेटिक होंडा’ ही स्कूटर गिअर बदलण्याची कटकट नसलेली होती. त्या वेळी हाताने गिअर बदलाव्या लागणाऱ्या बजाज स्कूटरची सद्दी होती. आज गावोगावी स्त्री-पुरुष चालवतात त्या बहुतेक सर्व स्कूटर पट्टा व सरकत्या कप्पीच्या स्वयंचलित यंत्रणेवर धावतात. दुचाकीवर जी गोष्ट अंगवळणी पडली आहे, तीच चारचाकीत आली की आपण साशंक होतो.

२. स्वयंचलित यंत्रणेचे चार प्रकार

‘ऑटोमॅटिक’ या एकाच शब्दाखाली आज चार भिन्न यंत्रणा विकल्या जातात. त्यांचा खर्चही भिन्न आहे.

*(अ) एएमटी :* ही मुळात हस्तचलित गिअरपेटीच होय. क्लच दाबणे व गिअर बदलणे ही कामे चालकाऐवजी विद्युत किंवा द्रवदाबावर चालणारी उपकरणे करतात. मधे तेलाची घसरण नसल्याने शक्तीचा अपव्यय होत नाही. गिअर बदलताना क्षणभर जाणवणारा हिसका हा तिचा दोष आहे. फेब्रुवारी २०१४ मध्ये मारुती सुझुकीच्या सेलेरिओ या छोट्या मोटारीतून ही यंत्रणा सामान्य भारतीय ग्राहकापर्यंत पोहोचली.

*(आ) टॉर्क कन्व्हर्टर :* वर वर्णिलेली द्रवचलित यंत्रणा. आधुनिक रूपात तिला सहा किंवा अधिक गिअर असतात आणि वेग स्थिर झाल्यावर दोन्ही चक्रे एकमेकांना जखडणारा अंतर्गत क्लच असतो. त्यामुळे जुना तोटा बराच कमी झाला आहे.

*(इ) सीव्हीटी :* स्कूटरप्रमाणेच दोन कप्प्या व पट्टा यांची यंत्रणा. ठरावीक गिअर नसल्याने इंजिनास सोयीच्या फेऱ्यांवर ठेवता येते. पट्टा घट्ट दाबून धरण्यासाठी मात्र थोडी शक्ती खर्ची पडते.

*(ई) दुहेरी क्लचची यंत्रणा :* विषम व सम गिअरांसाठी दोन स्वतंत्र क्लच असतात. बदल अत्यंत जलद होतो. तथापि, कोरड्या क्लचच्या प्रकारात रेंगाळत्या वाहतुकीत क्लच तापण्याचा धोका असतो आणि दुरुस्ती महाग पडते.

इंजिनाच्या स्वभावाविषयीही येथे थोडे सांगणे आवश्यक आहे. पेट्रोल इंजिन कमी फेऱ्यांवर व बऱ्यापैकी भाराखाली चालते, तेव्हा ते इंधनाचा अधिक चांगला उपयोग करते. म्हणून शक्य तितक्या लवकर वरचा गिअर टाकणारा चालक बचत करतो. एएमटीतील संगणक हे काम न कंटाळता करतो. कुशल चालक त्याची बरोबरी करू शकतो, क्वचित त्याहून सरसही ठरतो, कारण पुढे चढ आहे की फाटक बंद आहे हे त्याला डोळ्यांनी दिसते. परंतु दुसऱ्याच गिअरवर गाडी ओढत नेणारा अथवा क्लचवर पाय ठेवूनच चालवणारा चालक संगणकापेक्षा निश्चितच जास्त पेट्रोल जाळतो.

३. प्रमाणित आकडे काय सांगतात?

मोटारीच्या जाहिरातीतील मायलेजचा आकडा पुण्यातील ‘एआरएआय’ (स्थापना १९६६) सारख्या मान्यताप्राप्त संस्थांच्या चाचणीतून येतो. गाडी रस्त्यावर न नेता प्रयोगशाळेतील रुळांवर ठरावीक वेग-वेळापत्रकानुसार चालवली जाते. छोट्या मोटारींसाठी वापरात आलेल्या या चक्राच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे योगायोगाने ‘एमआयडीसी’ अशीच आहेत, पण बोईसरच्या औद्योगिक वसाहतीशी त्याचा संबंध नाही. या चक्रात कमाल वेग ताशी ९० कि.मी. असतो. काही पेट्रोल मोटारींचे जाहीर आकडे पुढीलप्रमाणे आहेत.

कोष्टक क्र. १ : प्रमाणित मायलेज (कि.मी. प्रति लिटर)

| मोटार (वर्ष) | स्वयंचलित प्रकार | हस्तचलित | स्वयंचलित |
|---|---|---|---|
| मारुती सेलेरिओ (२०१४) | एएमटी | २३.१ | २३.१ |
| मारुती वॅगन आर १.० (२०२२) | एएमटी | २४.३५ | २५.१९ |
| मारुती स्विफ्ट (२०२४) | एएमटी | २४.८० | २५.७५ |
| होंडा सिटी (२०२०) | सीव्हीटी | १७.८ | १८.४ |
| मारुती एर्टिगा (२०२२) | टॉर्क कन्व्हर्टर | २०.५१ | २०.३० |
| मारुती ग्रँड विटारा (२०२२) | टॉर्क कन्व्हर्टर | २१.११ | २०.५८ |

वरील कोष्टकावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. एएमटी व सीव्हीटी यांत स्वयंचलित गाडी बरोबरीने किंवा तीन ते चार टक्क्यांनी पुढे आहे. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये ती एक ते अडीच टक्क्यांनी मागे आहे. सीएनजीबाबतही चित्र वेगळे नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये टाटा मोटर्सने टियागो व टिगोर या गाड्यांतून सीएनजीसह एएमटी आणली. तोपर्यंत सीएनजी हवी तर हातानेच गिअर बदलावे लागत.

मात्र हे आकडे जसेच्या तसे घेऊ नयेत. चाचणीत हस्तचलित गाडीचे गिअर कोणत्या टप्प्यावर बदलायचे हे आधीच ठरलेले असते, तर स्वयंचलित गाडी आपल्या अंगभूत कार्यक्रमाप्रमाणे बदल करते. हा कार्यक्रम बचतीच्या दृष्टीने आखता येतो. प्रत्यक्ष रस्त्यावर वातानुकूलन, खड्डे, प्रवाशांचे वजन व चढ असतात. त्यामुळे दोन्ही प्रकारांत जाहिरातीपेक्षा कमी मायलेज मिळते आणि चाचणीतील दोन-तीन टक्क्यांची आघाडी पुसली जाऊ शकते.

आणखी एक गोंधळ टाळला पाहिजे. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाते. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश ऊर्जा असते. यामुळे होणारी काही टक्क्यांची घट दोन्ही प्रकारच्या गाड्यांना सारखीच लागू आहे. जुनी हस्तचलित गाडी विकून नवी स्वयंचलित घेणारा माणूस ही घट अनेकदा गिअरच्या माथी मारतो.

४. वापरखर्चाचा हिशेब

येथे दोन कुटुंबे कल्पिली आहेत. पहिल्याची मोटार बाजार, दवाखाना व लग्नकार्यापुरती निघते आणि वर्षाला ६,००० कि.मी. धावते. दुसऱ्या कुटुंबातील कर्ता रोज बोईसरला मोटारीने जातो. रोजचे ६० कि.मी. व महिन्याचे २५ दिवस धरल्यास वर्षाचे १८,००० कि.मी. होतात. पेट्रोलचा दर हिशेबापुरता लिटरला १०४ रुपये धरला आहे. हस्तचलित गाडी रस्त्यावर १८ कि.मी. देते असे मानले आहे. स्वयंचलित गाडीबाबत प्रतिकूल बाजू घेऊन एएमटीत ५ टक्के आणि जुन्या चार गिअरच्या यंत्रणेत १५ टक्के घट गृहीत धरली आहे.

कोष्टक क्र. २ : इंधनाचा वार्षिक जादा खर्च (रुपये)

| स्वयंचलित प्रकार | ६,००० कि.मी. | १८,००० कि.मी. |
|---|---|---|
| एएमटी (१७.१ कि.मी. प्रति लिटर) | सुमारे १,८२५ | सुमारे ५,४७५ |
| जुनी चार गिअरची (१५.३ कि.मी. प्रति लिटर) | सुमारे ६,१२० | सुमारे १८,३५० |

म्हणजे प्रतिकूल गृहीतकावरही एएमटीचा जादा इंधनखर्च पहिल्या कुटुंबाला महिन्याला सुमारे १५२ रुपये व दुसऱ्याला सुमारे ४५६ रुपये पडतो. जुन्या यंत्रणेची वापरलेली गाडी घेणाऱ्या, रोज फिरणाऱ्या माणसाला मात्र हाच फरक दीड हजारावर जातो. जुना समज कुठे अजूनही खरा आहे, हे यावरून कळते.

आता खरेदीकडे वळू. छोट्या मोटारींत एएमटीसाठी साधारणपणे ४५ ते ६० हजार रुपये अधिक मोजावे लागतात. टॉर्क कन्व्हर्टर, सीव्हीटी व दुहेरी क्लच यांत हा फरक बहुधा एक लाखाच्या पुढे जातो. महाराष्ट्रात वैयक्तिक मालकीच्या, १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल मोटारीवर किमतीच्या ११ टक्के वाहनकर आहे. म्हणून ५०,००० रुपयांच्या फरकावर आणखी ५,५०० रुपये कर पडतो. हे ५५,५०० रुपये ९ टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी कर्जाऊ घेतल्यास हप्ता महिन्याला सुमारे १,१५२ रुपयांनी वाढतो आणि एकूण परतफेड सुमारे ६९,१०० रुपये होते. किंमत वाढल्याने विम्याचा हप्ताही थोडा वाढतो.

याचा अर्थ असा की, पहिल्या कुटुंबाला सुलभतेची किंमत महिन्याला सुमारे १,३०० रुपये पडते व त्यात पेट्रोलचा वाटा जेमतेम १५० रुपयांचा आहे. दुसऱ्या कुटुंबाला ती सुमारे १,६०० रुपये पडते. गाडी विकताना या जादा किमतीचा काही अंश परत मिळतो, पण तो हाती येईपर्यंत हप्ते भरावेच लागतात.

देखभालीत मुख्य फरक क्लचचा आहे. एएमटीतही क्लचची तबकडी झिजतेच. मात्र चालकाच्या पायाची सवय वाईट असेल तर हस्तचलित गाडीत ती लवकर झिजते. हस्तचलित क्लच बदलणारा कारागीर सफाळे, पालघर, बोईसर यांसारख्या ठिकाणी सहज मिळतो. एएमटीचे उपकरण बिघडल्यास संगणकीय तपासणीची सोय असलेली कार्यशाळा शोधावी लागते व सुटा भागही महाग असतो. सीव्हीटी व टॉर्क कन्व्हर्टर यांत विशिष्ट तेल ठरावीक अंतराने बदलणे हा न टाळता येणारा खर्च होय. म्हणून हमीचा कालावधी व जवळची कार्यशाळा यांची चौकशी खरेदीपूर्वीच करावी.

५. स्थानिक रस्ते आणि चालकाची सवय

या परिसरातून मुंबई-अहमदाबाद महामार्गावर जायचे तर सफाळ्याहून वरईकडे जाणारा तांदुळवाडीचा घाट किंवा पालघर-मनोर मार्गावरील वाघोबा घाट ओलांडावा लागतो. चढावर एएमटी कधी कधी वरखाली गिअर बदलत घुटमळते. अशा वेळी हाताने गिअर निवडण्याची सोय वापरून दुसरा किंवा तिसरा गिअर कायम ठेवणे श्रेयस्कर ठरते. चढावर थांबल्यास गाडी मागे सरकू न देणारी सोय आहे की नाही हेही पाहावे. ती नसल्यास हँडब्रेकचा वापर करावा.

उतारावरील एक घातक सवय येथे नमूद केली पाहिजे. पेट्रोल वाचवण्यासाठी काही चालक घाट उतरताना गाडी न्यूट्रलवर सोडतात. आधुनिक इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना प्रवेगकावरून पाय काढला की फेरे पुरेसे असेपर्यंत इंधनाचा पुरवठाच बंद होतो. उलट न्यूट्रलवर इंजिन बंद पडू नये म्हणून इंधन द्यावेच लागते. म्हणजे उतारावर न्यूट्रलने बचत होत नाही. शिवाय इंजिनाचा अटकाव नाहीसा होऊन सारा भार ब्रेकवर येतो व ते तापून निकामी होण्याचा धोका वाढतो. हा नियम दोन्ही प्रकारच्या गाड्यांना लागू आहे.

थांबलेल्या गाडीचा हिशेबही डोळे उघडणारा आहे. छोटे पेट्रोल इंजिन नुसते चालू राहिले तरी तासाला साधारण ०.६ ते ०.८ लिटर इंधन घेते. रोज रेल्वे फाटकावर किंवा नाक्यावरील कोंडीत दहा मिनिटे इंजिन चालू ठेवले, तर ०.७ लिटरच्या हिशेबाने महिन्याच्या २५ दिवसांत सुमारे २.९ लिटर, म्हणजे ३०० रुपयांचे पेट्रोल जागच्या जागी जळते. पहिल्या कुटुंबाच्या बाबतीत गिअरमुळे पडणाऱ्या फरकाच्या हे जवळजवळ दुप्पट आहे. चाकांतील हवेचा योग्य दाब, स्वच्छ एअर फिल्टर व सावकाश प्रवेग यांचा परिणामही गिअरच्या प्रकाराहून अधिक असू शकतो.

स्वतःच्या गाडीचे खरे मायलेज मोजण्याची पद्धत सोपी आहे. टाकी पूर्ण भरून कि.मी. ची नोंद करावी. चारशे-पाचशे कि.मी. नंतर शक्यतो त्याच पंपावर पुन्हा पूर्ण भरावी आणि कापलेल्या अंतरास दुसऱ्या वेळी भरलेल्या लिटरने भागावे. असे तीन वेळा करून सरासरी काढल्यास ऐकीव आकड्यांवर विसंबण्याचे कारण उरत नाही.

निष्कर्ष

१. इंधनखर्चाबाबतचा जुना समज तीन-चार गिअरच्या द्रवचलित यंत्रणेपुरता खरा आहे. एएमटी व सीव्हीटी यांना तो लागू करणे योग्य नाही.
२. छोट्या मोटारींत इंधनातील संभाव्य फरक महिन्याला काहीशे रुपयांचा असून खरेदीच्या किमतीतील फरक त्याहून कितीतरी मोठा आहे.
३. हप्ता ताणून भरावा लागणार असेल, रस्ता मोकळा असेल आणि घरातील चालकास क्लचचा त्रास नसेल, तर हस्तचलित गाडी आजही सर्वांत काटकसरीची होय.
४. कोंडीतून रोजचा प्रवास, वाढते वय, पायाचे दुखणे, किंवा घरातील दुसऱ्या व्यक्तीने आत्मविश्वासाने गाडी चालवावी ही गरज असेल, तर एएमटीची जादा किंमत समर्थनीय ठरते.
५. जुनी स्वयंचलित गाडी घेताना यंत्रणेचा प्रकार, गिअरांची संख्या व दुरुस्तीची सोय तपासणे अगत्याचे आहे.

समारोप

विजेवरील मोटारीत बहुधा एकच कायम गिअर असतो. अशा मोटारी जसजशा वाढतील, तसतसा प्रस्तुत प्रश्न आपोआप मागे पडेल. तोपर्यंत मात्र पेट्रोल किंवा सीएनजी मोटार घेणाऱ्या कुटुंबाला हा निर्णय घ्यावाच लागणार आहे. माकुणसारसारख्या गावातील घरात ‘ऑटोमॅटिक किती मायलेज देते?’ या प्रश्नाबरोबर आणखी दोन प्रश्न विचारले जावेत. जादा हप्ता घराला पेलेल काय, आणि ही गाडी घरातील कोण कोण चालवू शकेल? पहिल्याचे उत्तर घरातल्या वहीत मिळते व दुसऱ्याचे घरातल्या माणसांकडून. ही दोन्ही उत्तरे हाती आली, की मायलेजच्या प्रश्नाला त्याचे योग्य तेवढेच महत्त्व उरते.